घाबरायची तारीख सांगून जा

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. चार पानं सायकलची, व्हिसाच्या तारखांची, घाटवाटांची आणि शेवटी घाईघाईने लिहिलेल्या दोन ओळी: बाबा चिडलेले नाहीत, नुसते गप्प आहेत, आई दर थोड्या वेळाने बॅगेत टाकायला काहीतरी घेऊन येते, त्यांना कसं समजावू? मी उत्तर त्या दोन ओळींनाच देणार आहे. टायरमधलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

समजावायला जाऊच नकोस. आणि ‘काळजी करू नका’ हे तर अजिबात म्हणू नकोस. मी बाविसाव्या वर्षी डोंगरात गेले तेव्हा आईला हेच वाक्य सांगून निघाले होते. तीन आठवड्यांत येते म्हणाले आणि उगवले पाचव्या आठवड्यात. हवामान बिघडलं होतं, आम्ही खालच्या तळावर तंबूत पत्ते कुटत होतो. आमच्या जिवाला कसलाही धोका नव्हता. घरी आल्यावर आई काही बोलली नाही. बोलली ती तीस वर्षांनी, माझा मुलगा शिडाच्या बोटीतून निघाला तेव्हा. म्हणाली, “तू तीन आठवडे म्हणालीस खरी, पण एकविसाव्या दिवशी घाबरायचं की तिसाव्या, ते सांगितलंच नव्हतंस. म्हणून मी पहिल्या दिवसापासून घाबरले.”

मी इतकी वर्षं मुलांना डोंगरात नेते, पण मोहिमेची आखणी म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

तेव्हा बाबांसमोर नकाशा घेऊन बस आणि प्रत्येक टप्प्याच्या दोन तारखा लिहून दे. एक तू पोहोचशील अशी आणि दुसरी त्यांनी हालचाल सुरू करायची. मधले दिवस उशिराचे. पंक्चर, पाऊस, बंद रस्ता, एखाद्या गावात पाय अडकणं हे सगळं त्यात आलं. ही दुसरी तारीख कंजूषपणे ठरवू नकोस, नाहीतर साध्या पंक्चरसाठी माणसं शोधायला निघतील. त्या तारखेला कोणाला फोन करायचा, काय सांगायचं, तेही तिथेच लिही. डोंगरातली बचाव पथकं आणि समुद्रावरचे तटरक्षक हेच सांगत असतात, की आपला मार्ग आणि परतीची वेळ मागे राहणाऱ्या एका जबाबदार माणसाकडे ठेवून निघा. फक्त आपण तरुणपणी तो माणूस मित्रांमध्ये शोधतो, आईबापांपासून लपवून. मीही तेच केलं होतं.

तू संकटकाळाचा बीकन, म्हणजे बटण दाबलं की मदतीची हाक पाठवणारं यंत्र, घेते आहेस, हे छान. ४०६ मेगाहर्ट्झवरचा त्याचा संदेश उपग्रह टिपतात. १९८२ पासून ही व्यवस्था माणसं वाचवते आहे. पण त्याची नोंदणी करावी लागते आणि त्या अर्जात घरच्या संपर्काचे नंबर द्यावे लागतात, हे तुझ्या यादीत कुठे दिसलं नाही. बटण दाबलंस की नियंत्रण केंद्रातली माणसं आधी तिथेच फोन करतात. ती खरंच प्रवासात आहे का? कुठे निघाली होती? सोबत किती जण? सामान काय, तब्येत कशी? खोट्या इशाऱ्यामागे पथक धावू नये म्हणून हे विचारतात, आणि खऱ्या इशाऱ्यात याच उत्तरांवर शोध कुठून सुरू करायचा ते ठरतं. म्हणजे तुझे बाबा बघे नाहीत, बचावाच्या साखळीतली पहिली कडी आहेत. तो अर्ज तू भरू नकोस, त्यांना भरू दे. माझ्या मुलाने मला भरायला बसवलं तेव्हा बोटीच्या तळाचा रंग कोणता, हे मी पहिल्यांदा विचारलं. त्या रात्री शांत झोप लागली असं म्हणणार नाही, पण हातांना काम मिळालं होतं.

तू कुठे आहेस ते सतत कळवणाऱ्या यंत्राचा, नकाशावर सरकत राहणारा ठिपका मात्र घरी देऊ नकोस. यावर अनेक जण माझ्याशी भांडतात, पण मी तो ठिपका अकरा तास एका जागी पाहिलेला आहे. तीन ठिकाणी फोन केले, एका बिचाऱ्या अधिकाऱ्यावर ओरडले. यंत्र ओल्या कपड्यांखाली कपाटात पडलं होतं. त्याला आकाश दिसलं नाही की ते मुकं होतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. द्यायचाच असेल तर दिवसातून एकदा, मुक्कामाला पोहोचल्यावर. आणि थांबण्याचे दिवस आधी सांग. तीन हजार मीटरच्या वर गेलीस की झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वाढवायची नाही, दर तीनचार दिवसांनी एक दिवस मुक्काम, हे तुला पाठ आहे. बाबांना माहीत नाही. तू दोन दिवस जागची हलली नाहीस तर ते तुला दरीत पाहतील.

आता त्यांच्या गप्प राहण्याबद्दल. डार्विन बावीस वर्षांचा असताना त्याला बीगल जहाजावरून जगप्रवासाचं बोलावणं आलं. वडील नाही म्हणाले, पण एक फट ठेवली: एखादा समंजस माणूस जा म्हणणारा आणलास तर परवानगी देईन. डार्विनने मामा जोसाया वेजवुड यांना गाठलं आणि वडिलांचे आक्षेप कागदावर उतरवले. आठ होते. हा वेडगळ बेत आहे, जहाजावर हाल होतील, पुढे हा मुलगा स्थिर आयुष्याला लागणार नाही, असे. मामांनी एकेक घेऊन उत्तरं लिहिली आणि वडील मानले. खर्चही त्यांनीच उचलला. मला यात मामांच्या युक्तिवादापेक्षा ती यादी मोलाची वाटते. ‘नाही’ हा एक शब्द होता तोवर त्याचं काही करता येत नव्हतं. तुझ्या बाबांचे आक्षेप त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच शब्दांत लिहून घे. मध्ये बोलू नकोस. काहींना तुझ्याकडे उत्तर नसेल, तिथे तसंच लिही. फरक एवढाच की डार्विनला पैसे हवे होते, तुझे तू साठवले आहेस. ठरवून झालं असेल तर परवानगी मागायचं नाटक करू नकोस, त्यांना ते लगेच कळेल.

आईचं सोपं आहे. तिला तीनशे ग्रॅम दे. काटा समोर ठेव आणि सांग, एवढं वजन तुझं, काय द्यायचं ते तू ठरव, मी नाही म्हणणार नाही. मग ते खरंच ने. पहिल्याच मुक्कामावर काढून टाकलंस तर तुझं तुला माहीत.

फोनचा वार ठरव, तास ठरवू नकोस. एक फोन चुकला तर त्याचा अर्थ काही नाही, हे आधीच बोलून ठेव. पडलीस, लुटली गेलीस, ताप आला, तर सुखरूप जागी पोहोचल्यावर सांग, पण सांग. एकदा लपवलेलं नंतर उघडं पडलं की पुढच्या प्रत्येक ‘मी ठीक आहे’ला ते कान टवकारतात.

पहिले काही आठवडे त्यांना जड जातील, तुझ्या खोलीचं काय करायचं तेही कळणार नाही. मग एखाद्या रविवारी तू आसुसून फोन करशील आणि कोणी उचलणार नाही. माझ्या मुलाला मोठ्या पल्ल्यानंतर बंदर मिळालं, त्याने पहिला फोन मला केला आणि मी पोहायला शिकत होते. वय एकसष्ट. तो चांगला दोन दिवस फुगला होता. तू फुगू नकोस.

आणि परत येशील तेव्हा त्यांना जरा वेळ दे. दोन वर्षांचा म्हणून निघालेला डार्विन जवळजवळ पाच वर्षांनी, १८३६ च्या ऑक्टोबरात घरी आला. वडिलांनी त्याला पाहिलं आणि बहिणींकडे वळून म्हणाले, याच्या डोक्याचा आकारच बदललाय!

बीकनच्या अर्जात दुसऱ्या संपर्काची जागा असते. ती रिकामी असेल तर माझा नंबर घाल. मार्ग आणि तारखांची एक प्रत मलाही पाठव. फोन रात्री उशाशीच असतो, मुलगा सध्या पुन्हा समुद्रावर आहे.

तुझी,
बाई