कॉलरबोन जुळलं, पण पुन्हा सायकलवर बसायची हिंमत होत नाही. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की तीन महिन्यांपूर्वी सायकलवरून पडून कॉलरबोन मोडलं, ऑपरेशन न करता जुळलं, डॉक्टरांनी सायकल चालवायला हो म्हटलंय, तरी सायकल दारात उभी आहे आणि हात हँडलकडे जात नाही. मीही याच अवस्थेत काही महिने काढलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही. साताऱ्यात शाळेत शिकवते आणि सात वर्षं शाळेआधी सकाळी सायकल चालवते. शर्यतीत कधी उतरले नाही आणि उतरायचंही नाही. त्यामुळे हे सगळं स्वतःच्या खांद्यावर निभावलेलं आहे असं समजून वाचा, आणि औषधपाण्याच्या बाबतीत शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच.

मी पडले ती डिसेंबरात, माहुलीच्या पुढे कोरेगावच्या रस्त्यावर. आमच्याकडे तेव्हा उसाचा हंगाम जोरात असतो. ट्रॅक्टर-ट्रॉली शेतातून बाहेर पडली की चाकांची काळी माती डांबरावर येते. दुपारी ती धूळ असते, पण पहाटे दव पडलं की तिचं लोणी होतं. वळणावर ती दिसली आणि मी घाबरून उजव्या हाताचा, म्हणजे पुढचा ब्रेक दाबला. सायकल तिरकी असताना पुढचा ब्रेक दाबायचा नसतो हे मला माहीत होतं. पण हात डोक्याला विचारत नाही. पुढचं चाक सटकलं आणि मी डाव्या खांद्यावर आदळले. आतून सुकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला, तो अजून कानात आहे.

शेजारच्या फडात ऊसतोडीला आलेली एक बाई कोयता टाकून धावत आली. साडीवर पुरुषी शर्ट, डोक्याला टॉवेल बांधलेला. "हालू नका ताई, हात छातीशी धरा," एवढंच म्हणाली. डोक्याचा टॉवेल सोडून तिनं माझं कोपर त्यात घेतलं, दोन टोकं मानेमागे नेऊन गाठ मारली, आणि गाठ मानेच्या हाडावर येऊ नये म्हणून ती बाजूला सरकवली. पाच मिनिटांत दुखणं निम्म्यावर आलं. दवाखान्यात डॉक्टरांनी तो टॉवेल लगेच सोडला नाही. आधी पाहिला आणि म्हणाले, हात बरोबर बांधलाय, पुढचा उपचारही बहुतेक हाच.

माझ्या सासूबाई या हाडाला हासळी म्हणतात. छातीचं मधलं हाड आणि खांदा यांच्यामध्ये हे आडव्या दांडीसारखं असतं. खांद्यावर पडलं की सगळा मार त्यातून जातो आणि बहुतेक वेळा ते मध्यावर मोडतं, म्हणून सायकलवाल्यांमध्ये ही दुखापत इतकी दिसते. टोकं फार सरकली नसतील तर हात झोळीत ठेवून ते जुळतं. फार सरकली असतील तर प्लेट आणि स्क्रू. मोठ्या माणसाला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. जुळल्यावर तिथे गाठ हाताला लागते. माझी अजून लागते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

झोळीचे दिवस कसे गेले ते थोडक्यात सांगते. तीन उशा लावून अर्धवट बसून झोपायचं. पुढून बटणं असलेले कुडते घालायचे. वेणी लेकीनं घालायची. बोटं, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसापासून हलवायला सांगितलं होतं, ते मी केलं. नंतर पुढे वाकून हात लोंबता सोडायचा आणि लंबकासारखा हळूहळू झुलवायचा, हा व्यायाम दिला. तिथे मात्र मी चुकले. हाड पुन्हा सरकेल या भीतीनं मी तो व्यायाम दहा-बारा दिवस टाळला. हाड जुळलं पण खांदा आखडला. फळीवरचा डबा काढता येईना. भिंतीवर बोटांनी पायरी पायरी वर चढत तो खांदा मोकळा करायला मला वरचा सव्वा महिना लागला. तुमचा हात अजून कानाला लागेपर्यंत वर जात नसेल तर सायकलचा विचार बाजूला ठेवा, आधी फिजिओथेरपिस्टकडे जा.

डॉक्टरांनी हो म्हटल्यावरही रस्त्यावर येण्याआधी मी घरीच काही गोष्टी तपासल्या. भिंतीला दोन्ही तळवे टेकून पूर्ण भार देता येतो का? मान वळवून मागचं दिसतं का? ब्रेक घट्ट दाबून दहापर्यंत मोजता येतं का? तिन्ही न दुखता जमायला लागल्यावरच सायकल बाहेर काढली. सायकलही पडलेली असते हे आपण विसरतो. हँडल वाकडं झालंय का, पुढचं चाक धरणारा फोर्क सरळ आहे का, ब्रेकची वायर कुठे तुटत आलीय का, हे दुकानात दाखवून घ्या. डोकं आपटलं असेल तर हेल्मेट नवीनच घ्या. वरून चांगलं दिसत असलं तरी आतला फोम एकदा दबला की त्याचं काम संपलेलं असतं.

सायकलमध्ये मी चारच बदल केले, पण ते फार उपयोगी पडले. हँडल थोडं वर घेतलं, म्हणजे हातावरचा भार कमी झाला. टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली, म्हणजे खड्ड्याचा दणका हाडापर्यंत कमी पोचला. हँडलला आरसा लावला, कारण चालत्या सायकलवर मान आणि खांदा वळवून मागे बघणं बरेच दिवस अवघड जातं. आणि पाठीवरची सॅक बंद केली, तिचा पट्टा नेमका त्या हाडावर बसतो. सामान मागच्या कॅरियरवर. सुरुवातीला एक हात सोडून पाणी पिऊ नका, सरळ थांबा आणि प्या. जिन्यावरून सायकल उचलून न्यायची असेल तर घरातल्या कुणाला तरी सांगा.

आता तुमचा खरा प्रश्न, हिंमतीचा. माझा अनुभव असा की "सायकलची भीती" अशी काही नसते. भीती एखाद्या नेमक्या गोष्टीची असते आणि ती शोधावी लागते. मला आधी वाटलं ट्रकची भीती वाटतेय. मग लक्षात आलं की ट्रक जवळून गेला तरी मला काही होत नाही, पण रस्त्यावर ओला डाग दिसला की दोन्ही हात आवळले जातात. म्हणजे माझी भीती ओल्या मातीची आणि उजव्या ब्रेकची होती. एवढं कळल्यावर काम सोपं झालं. शाळेच्या मैदानात, मऊ मातीत, रविवारी सकाळी मी फक्त ब्रेक मारायचा सराव केला. वळणाआधी सरळ रेषेत वेग कमी करायचा, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबायचे, बूड मागे सरकवायचं, आणि वळणात ब्रेक सोडून द्यायचा. तीन रविवार एवढंच केलं. तुमची नेमकी भीती कशाची आहे ते पडलात त्या क्षणापासून मागे जाऊन आठवून बघा.

दुसरं म्हणजे मी किलोमीटर मोजणं बंद केलं. पूर्वी मोबाइलवर बघत बघत जायचे, आज तीस झाले, आज पस्तीस. दुखापतीनंतर हेच आकडे जिवाला लागतात, कारण रोज वाटतं आपण मागे पडलो. म्हणून मी ठिकाणं ठरवायला लागले. जिथे उतरून पंधरा-वीस मिनिटं रमता येईल अशी जागा हवी. तेवढ्यात खांद्याला विश्रांती मिळते आणि परतीचा रस्ता नवा वाटतो. हे मला झोळीच्या दिवसांत चालतानाच सुचलं. चालायला परवानगी होती, म्हणून रोज चार भिंतीपर्यंत जायचे. अजिंक्यताऱ्याच्या कुशीतल्या या वास्तूवरून सगळा सातारा दिसतो. राजघराण्यातल्या स्त्रियांना दसऱ्याची मिरवणूक बघता यावी म्हणून प्रतापसिंह महाराजांनी ती बांधली असं सांगतात. इतकी वर्षं मी तिच्या खालून सायकलवर जोरात निघून गेले होते आणि वर कधी गेलेच नव्हते.

सायकलवरची पहिली फेरी माहुलीची. पोवई नाक्यापासून पाचेक किलोमीटर, आणि जाताना बहुतेक उतारच आहे. कृष्णा आणि वेण्णा इथे मिळतात. महाराणी ताराबाईंची समाधी इथलीच, आणि रामशास्त्री प्रभुणे इथले. घाटाच्या दगडी पायऱ्यांवर बसून मी हात मांडीवर ठेवला आणि खांदा दुखतोय का याची वाट पाहिली. दुखत नव्हता. मग उठून खंड्याची समाधी शोधली. खंड्या म्हणजे साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांचा कुत्रा. त्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं, म्हणून महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला अशी गोष्ट आमच्याकडे लहानपणापासून ऐकवतात. माणसांच्या समाध्यांजवळ एका कुत्र्याची समाधी आहे आणि जवळपास तीनशे वर्षांनीही लोक तिथे फूल ठेवतात, हे बघून मला फार बरं वाटलं. त्या सकाळी मी येऊन-जाऊन दहाच किलोमीटर केले, आणि घरी येऊन रडले. आनंदानं.

महिनाभर नुसती माहुली केली. मग लिंब. साताऱ्याहून पंधरा-सोळा किलोमीटर. लिंब खिंडीचा भाग महामार्गाचा आहे, तिथे सर्व्हिस रोड सोडायचा नाही, आणि शक्यतो सोबत कुणी असावं. पण गावात शिरलात की सगळा शीण जातो. इथली बारा मोटेची विहीर १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसले यांनी बांधून घेतली. वरून बघितली तर शिवलिंगाच्या आकाराची, तोंड पन्नास फूट रुंद, खोली एकशे दहा फूट. आमराईला पाणी द्यायला एका वेळी बारा मोटा चालायच्या. पायऱ्या उतरून गेलं की विहिरीच्या पोटात चक्क एक महाल आहे, खांबांवर कोरीव काम, वर बसायला सज्जा. एप्रिलच्या उन्हातून तिथे उतरले तेव्हा अंगावर गारवा असा आला की घामेजलेली पाठ शहारली. काळ्या दगडावर डावा तळवा टेकवून मी सगळा भार त्याच्यावर टाकला. घरच्या भिंतीवर रोज करायचे तेच, पण त्या दिवशी खांद्यानं कुरकूर केली नाही.

यवतेश्वरचा घाट मी शेवटी ठेवला. तुम्हीही घाट शेवटीच ठेवा. लोकांना चढाची काळजी वाटते, पण खांद्याला त्रास देतो तो उतार. सगळा भार हातांवर येतो आणि ब्रेक सतत धरावा लागतो. मी पडल्यानंतर दहाव्या महिन्यात, पाऊस उघडल्यावर, चढले. उतरताना दोन वेळा वळणावर बाजूला थांबून हात झटकले. समोर अजिंक्यतारा आणि खाली गाव दिसत असताना थांबण्यात कमीपणा कसला! कासपर्यंत अजून गेले नाही. फुलांच्या दिवसांत त्या रस्त्यावर मोटारींची रीघ असते, आणि ती गर्दी मला इतक्यात नको आहे.

राहिला तो कोरेगावचा रस्ता. तिथे आधी यांच्याबरोबर स्कूटरवर मागे बसून गेले. नंतर एकदा भर दुपारी, कोरड्या रस्त्यावर, सायकलवर. आता पुन्हा हंगाम सुरू झालाय आणि त्या वळणावर पुन्हा माती आहे. सकाळी तिथे पोचले की मी उतरते, वीस-पंचवीस पावलं सायकल हातात धरून चालते, आणि पलीकडे बसते. कुणी हसत नाही. फडात माणसं तेव्हा कामाला लागलेली असतात. त्या बाईला मी पहिल्याच आठवड्यात शोधलं, यावर्षीही शोधलं. टोळी कुठे गेली कळलं नाही. टॉवेल धुऊन, घडी घालून कॅरियरच्या पिशवीत ठेवलाय, भेटली तर द्यायला, आणि मध्ये कुणाला लागला तर बांधायला. तशी गाठ मारायला आता मीही शिकलेय.

तुमचा खांदा डावा की उजवा, आणि तुम्ही कोणत्या गावाला असता, ते उत्तराखाली लिहा. उजवा असेल तर पुढच्या ब्रेकचा हात तोच, त्यामुळे सरावात थोडा फरक पडेल, तो सांगते. आणि साताऱ्याच्या आसपास असाल तर रविवारी सकाळी साडेसहाला मी माहुलीच्या घाटावर असते. सावकाशच चालवते, सोबत या.