वरच्या मजल्यावर शॉवरला जोर नाही, काय करावं?

खालच्या मजल्यांवर पाणी जोरात आणि तुमच्याकडे, गच्चीच्या अगदी खाली, शॉवर नुसता ठिबकतोय, हे अगदी नेहमीचं आहे. टाकी उंच असली की पाण्याला दाब मिळतो: 10 मीटरला साधारण 1 बार (बार म्हणजे दाब मोजायचं एकक). तुमच्या शॉवरच्या वर पाणी असणार जेमतेम 2-3 मीटर, म्हणजे 0.2-0.3 बार.

तरी लगेच पंप घ्यायला धावू नका. आधी शॉवर काढून उघड्या पाइपातून पाणी सोडा. धार बरी आली तर दोष शॉवरचा. बोअरच्या पाण्याचे क्षार भोकांत बसतात, पांढरा थर हाताला खरखरीत लागतो. तासभर व्हिनेगरमध्ये बुडवा, जुन्या ब्रशने घासा, भोकं टाचणीने मोकळी करा. आमच्याकडे एवढ्यावरच भागलं.

फक्त गरम पाणी बारीक येत असेल तर गिझरखालचा अँगल कॉक, म्हणजे पाणी बंद-चालू करायचा छोटा नळ, बघा. बरेचदा तो अर्धाच उघडलेला असतो.

पाइपातूनच धार नसेल, तर टाकीतून तुमच्या घरात येणाऱ्या लाइनवर छोटा प्रेशर पंप बसवा. सोसायटीला विचारून, आणि गिझर किती बार सोसतो ते त्यावर वाचून. मोठा रेन शॉवर मात्र इतक्या कमी दाबावर घेऊच नका.

आणि कळकळीने सांगतो, पालिकेच्या लाइनला थेट मोटर लावू नका. शेजाऱ्यांचं पाणी ओढलं जातं, शिवाय फुटक्या जोडांतून घाण पाणी आत येतं.