नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलमध्ये चार्टर शाळेच्या लॉटरीत दोन्ही मुलांचा नंबर लागलाय, पण पालकांची मतं अगदी टोकाची आहेत. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मॉरिसव्हिलला येऊन थोडेच महिने झालेत, घराच्या पत्त्यावरून मिळणारी बेस स्कूल कॅप झालेली, म्हणजे भरलेली, असल्यामुळे वेक काउंटीने (इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या डिस्ट्रिक्टने) लांबची ओव्हरफ्लो शाळा दिलीय, मुलगी तिसरीत जाणार, मुलगा केजीत आणि त्याची स्पीच थेरपी चालू आहे. आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं तर अर्धे म्हणतात डोळे झाकून घ्या आणि अर्धे म्हणतात चुकूनही जाऊ नका. माझी दोन्ही मुलं इथल्याच एका चार्टर शाळेत होती, थोरली आठवीपर्यंत तिथेच शिकली आणि धाकट्याला आम्ही दुसरीनंतर काढून वेकच्या शाळेत घातलं, त्यामुळे दोन्ही बाजूंचं म्हणणं मला मनापासून पटतं. शाळेचं नाव लिहीत नाही, तुम्ही विचारताय ती हीच असेल असंही नाही.

आधी थोडं बेसिक, कारण भारतातून नवीन आलेल्या बऱ्याच जणांना चार्टर म्हणजे प्रायव्हेट वाटतं. प्रायव्हेट नाही, फी नाही, प्रवेश परीक्षा घेता येत नाही, धर्म शिकवता येत नाही, जागेपेक्षा अर्ज जास्त आले तर लॉटरी काढावी लागते. आपल्याकडच्या अनुदानित शाळेच्या जवळपास जाणारी गोष्ट आहे, पैसा सरकारी आणि कारभार एका संस्थेच्या बोर्डाचा. फरक एवढाच की इथे परवानगीला मुदत असते, कारभार नीट नाही चालला तर राज्य ती रिन्यू करत नाही. असा कायदा सगळ्यात आधी मिनेसोटाने 1991 मध्ये केला, नॉर्थ कॅरोलायनात तो 1996 मध्ये आला. इथे बरीच वर्षं शंभर शाळांची मर्यादा होती, ती 2011 मध्ये उठली आणि मग शाळा भराभर वाढल्या, आता दोनशेच्या वर आहेत. त्यामुळे वीसपंचवीस वर्षं मुरलेली शाळा आणि काल-परवा शॉपिंग सेंटरशेजारी उघडलेली शाळा दोन्हीला लोक चार्टरच म्हणतात, आणि ग्रुपवर दोघींबद्दलची मतं एकत्र मिसळलेली असतात.

आता मुद्द्याचं. माझं मत असं झालंय की वेकच्या शाळेत किमान अमुक इतकं मिळणारच याची एक हमी असते आणि चार्टरमध्ये ती हमी फार पातळ असते. वेकमध्ये बस आहे, कॅफेटेरिया आहे, एखादी स्पीच थेरपिस्ट सोडून गेली तर दुसरीकडून आणायला मोठी यंत्रणा आहे. चार्टरला कायद्याने बस द्यायची सक्ती नाही, फक्त बस नाही म्हणून मूल शाळेपासून अडणार नाही अशी योजना दाखवावी लागते, जेवण द्यायची सक्ती नाही, आणि शिक्षकांपैकी निम्म्यांकडे लायसन्स असलं तरी चालतं. त्या बदल्यात त्यांना मोकळीक मिळते, अभ्यासक्रम कसा शिकवायचा, वर्ग कसे करायचे, कॅलेंडर कसं ठेवायचं. ही मोकळीक चांगल्या प्रिन्सिपॉलच्या हातात असली तर मुलांचं सोनं होतं आणि नसली तर वर कोणाकडे जायचं हेच पालकांना कळत नाही. म्हणून एकाच शाळेबद्दल दोन कुटुंबं इतकं उलट बोलतात आणि दोघंही खरं बोलत असतात.

माझ्या मुलीचं सांगते. चौथीत तिला वर्गातलं गणित फार सोपं जात होतं, तर तिच्या टीचरने स्वतःहून मला बोलावलं आणि सांगितलं की उद्यापासून गणिताच्या तासाला ही सहावीच्या वर्गात बसेल, मी तिकडच्या सरांशी बोललेय. फॉर्म नाही, टेस्टची विंडो नाही, कमिटी नाही. दुसऱ्या दिवशी पोरगी वही घेऊन वरच्या मजल्यावर. वर्गात बावीस मुलं, प्रिन्सिपॉल रोज सकाळी दारात उभ्या आणि प्रत्येक मुलाला नावाने हाक मारणार, आमच्या लेकीचं नाव इथे लोक काहीही उच्चारतात पण त्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात नीट शिकून घेतलं होतं. सातवीत मॅथ वन, म्हणजे हायस्कूलचं पहिलं गणित, झालं, आता हायस्कूलमध्ये छान चाललंय. तिच्यासाठी ही शाळा मिळाली याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे.

धाकट्याच्या वेळी तीच इमारत, तोच युनिफॉर्म, पण त्या प्रिन्सिपॉल गेल्या होत्या आणि त्यांच्यामागे दोन वर्षांत बरेच शिक्षकही गेले. त्याला वाचायला जड जात होतं आणि काही उच्चार अजिबात येत नव्हते. आयईपी, म्हणजे मुलाला शाळेने कोणती खास मदत द्यायची याचा लेखी आराखडा, झाला, कागदावर सगळं छान लिहिलेलं, पण स्पीच थेरपिस्ट कॉन्ट्रॅक्टवरची, आठवड्यातून ठरावीक वेळी येणार, मग ती सोडून गेली, मग बराच काळ कोणीच नाही, मग स्क्रीनवर ऑनलाइन थेरपी. पाच वर्षांचं मूल, र आणि ल म्हणताना जीभ कुठे लावायची हे त्याला लॅपटॉपवरची अनोळखी बाई सांगतेय आणि हेडफोन सारखे घसरताहेत, हे मी खिडकीतून पाहिलंय. मीटिंगमध्ये विचारलं तर उत्तर आलं की आम्ही छोटी शाळा आहोत, आमच्याकडे एवढीच माणसं आहेत. माणसं वाईट नव्हती हो, खरंच नव्हती, पण मुलाचं वर्ष चाललं होतं.

तुमच्या मुलाची थेरपी चालू आहे म्हणून हे नीट लक्षात ठेवा. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणासाठीचा आयडिया नावाचा केंद्राचा कायदा चार्टरलाही जसाच्या तसा लागू आहे, "आम्ही छोटे आहोत" हे कारण कायद्यात बसत नाही. नॉर्थ कॅरोलायनात प्रत्येक चार्टर शाळा स्वतःच एक डिस्ट्रिक्ट धरली जाते, म्हणजे ही जबाबदारी वेक काउंटीवर ढकलता येत नाही. आधीचा आयईपी असेल तर तशाच सोयी लगेच द्याव्या लागतात, नसेल तर लेखी विनंती द्या, तोंडी नको, कारण लेखी दिल्यापासून मूल्यमापन करून निर्णय घ्यायला शाळेला 90 दिवस असतात आणि तारीख कागदावर नसेल तर ते दिवस सुरूच होत नाहीत. हक्क आहेच, पण हक्क असणं आणि थेरपिस्ट खुर्चीत असणं यात फार अंतर आहे.

शिक्षक का सोडून जातात हेही सांगते, कारण ग्रुपवर लोक लगेच मॅनेजमेंटला शिव्या घालतात. वेकच्या शिक्षकांना राज्याचं पेन्शन असतं. चार्टरच्या बोर्डाने त्या पेन्शन योजनेत यायचं की नाही हे ऐच्छिक आहे आणि बरीच बोर्डं येत नाहीत. मग तिशीतली हुशार टीचर, जी तुमच्या मुलांना जीव लावते, ती घर घ्यायची वेळ आली, स्वतःला मूल झालं की वेकमध्ये अर्ज करते. तिचं चूक आहे असं मी म्हणणारच नाही. टूरला गेलात की एकच प्रश्न नक्की विचारा, मागच्या वर्षीचे किती शिक्षक यंदा परत आले. आणि प्रिन्सिपॉल किती वर्षं आहेत. ऑनलाइन रिव्ह्यू वाचताना तारीख बघा, आताच्या प्रिन्सिपॉलच्या आधीचे रिव्ह्यू चांगले असोत की वाईट, मी तरी सोडून देते.

राज्य शाळांना देतं त्या ए ते एफ ग्रेडवर जाऊ नका. त्या ग्रेडमध्ये 80 टक्के वजन परीक्षेतल्या मार्कांना आहे आणि फक्त 20 टक्के वर्षभरात मुलं किती पुढे गेली त्याला. मॉरिसव्हिल-कॅरीमध्ये अर्धी मुलं संध्याकाळी कुमॉनच्या क्लासला जातात, आईबाप दोघंही आरटीपीत (रिसर्च ट्रँगल पार्कमधल्या कंपन्यांत) इंजिनिअर, तिथे ए आला तर त्यात शाळेने काय केलं हे कसं कळणार? ग्रेडच्या बाजूलाच ग्रोथचा वेगळा निकाल असतो, अपेक्षेपेक्षा जास्त, अपेक्षेइतका, कमी, तो गेल्या तीन-चार वर्षांचा बघा. देशपातळीवरचे अभ्यासही असेच मिश्र आहेत. स्टॅनफर्डच्या क्रेडो या संशोधन केंद्राने 2009 मध्ये पाहिलं तेव्हा गणितात 17 टक्के चार्टर आसपासच्या शाळांपेक्षा चांगल्या निघाल्या आणि 37 टक्के वाईट, बाकीच्यांत फरकच नाही. 2023 च्या त्यांच्या अभ्यासात चित्र सुधारलं होतं, वाचनात वर्षाला 16 दिवस जास्त शिकल्याइतका फायदा आणि गणितात 6 दिवस. पण सरासरी म्हणजे तुमची शाळा नाही.

रोजच्या गोष्टींना लोक कमी लेखतात, मी नाही लेखणार. आमच्या शाळेला बस नव्हती. दुपारी कारपूलची रांग गेटबाहेर मेन रोडपर्यंत जायची, आरशाला नंबराचं कार्ड लटकवायचं, शिक्षक वॉकीटॉकीवर नंबर ओरडणार आणि मूल आपापल्या कोनापाशी येऊन उभं राहणार. रांगेत निम्मे बाबा स्टिअरिंगवर लॅपटॉप टेकवून मीटिंग करताना दिसायचे. दोघांच्या नोकऱ्या ऑफिसात जाऊन करायच्या असतील तर हा भार रोज दोनदा आहे. कॅफेटेरिया नव्हता, बाहेरून पिझ्झा आधी ऑर्डर करायचा नाहीतर डबा, आणि मायक्रोवेव्ह मुलांना मिळत नाही, त्यामुळे थर्मासमध्ये वरणभात नाहीतर तूप लावून पोळीचा रोल. वेकमध्ये इयर-राउंड शाळा मिळाली तर नऊ आठवडे शाळा, तीन आठवडे सुट्टी, त्या सुट्टीत मुलांना ठेवायला ट्रॅक-आउट कॅम्पचा खर्च. चार्टरचं कॅलेंडर बहुतेक नेहमीचं असतं, पण दोन मुलं दोन शाळांत घालायचा विचार असेल तर दोन्ही कॅलेंडरं शेजारी ठेवून बघा, आम्हाला भारतवारीची तिकिटं काढताना त्याचा फार ताप झाला.

नियमांबद्दल काही खटकलं आणि ऑफिसातून "नाही पटत तर दुसरी शाळा बघा" असं ऐकू आलं तर दबून जाऊ नका. याच राज्यात लेलंडच्या चार्टर डे स्कूलमध्ये मुलींना स्कर्टची सक्ती होती, पालक कोर्टात गेले, 2022 मध्ये फोर्थ सर्किट या केंद्रीय अपील कोर्टाने सांगितलं की ही पब्लिक शाळा आहे आणि राज्यघटनेतली समानता तिलाही लागू आहे, 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने शाळेचं अपील ऐकायलाच घेतलं नाही. बोर्डाच्या मीटिंगही कायद्याने सर्वांना खुल्या असतात. एका मीटिंगला जाऊन मागे बसा, मिनिट्स वाचा. पटसंख्या घटतेय का, इमारतीचं भाडं डोईजड होतंय का, हे तिथे कळतं, कारण पैशाअभावी चार्टर बंद पडतात आणि ती झळ पालकांनाच बसते.

तुमच्या जागी मी असते तर मुलीला पाठवलं असतं, ग्रोथ चांगली असेल आणि प्रिन्सिपॉल टिकून असतील तर. तिसरीपासून ईओजी, म्हणजे राज्याच्या वर्षअखेरच्या परीक्षा सुरू होतात, त्या वयात छोटा वर्ग आणि ओळखणारी माणसं यांचा फार उपयोग होतो. शाळा आठवीपर्यंतच असेल तर मॅथ वन कधी देतात ते आत्ताच विचारा, नाहीतर पुढे पँथर क्रीक किंवा ग्रीन होप हायस्कूलला गेल्यावर ती बाकीच्यांच्या मागे पडेल. मुलाच्या बाबतीत मात्र शाळेच्या स्पेशल एज्युकेशन को-ऑर्डिनेटरला ईमेल करा: थेरपिस्ट नोकरीवर आहे की कॉन्ट्रॅक्टवर, समोरासमोर की ऑनलाइन, मागच्या वर्षी किती काळ जागा रिकामी होती. सरळ उत्तर आलं तर दोघांनाही एकत्र घाला. गोलमाल उत्तर आलं तर त्याला वेकमध्ये ठेवा, ओव्हरफ्लो शाळा लांब असली तरी. मुलगी तिथे असेल तर भावंड म्हणून पुढच्या वर्षीच्या लॉटरीत त्याला बहुतेक प्राधान्य मिळेल, ते शाळेकडून लेखी घ्या.

आणि जागा स्वीकारायची मुदत फार थोडी असते, ती चुकली की जागा वेटिंग लिस्टवरच्या पुढच्या मुलाला जाते, म्हणून आज दोघांसाठीही हो कळवून टाका आणि मग चौकशी करा. हो म्हटल्याने बांधले जात नाही. फक्त नको असं ठरलं तर शाळा सुरू व्हायची वाट न बघता लगेच कळवा, त्या लिस्टवर आपल्यासारखंच कोणीतरी रोज ईमेल उघडून बघत असतं.