कोशिंबीर बघितली की हा ताटच ढकलतो

"मॅडम, सगळं खातो हो, पण कच्चं काही पुढे केलं की ताट ढकलतो, काय करू?" ही तक्रार माझ्याकडे इतक्या आया घेऊन येतात की आता वाटतं एकदा नीट लिहूनच टाकावं. गोव्यात फोंड्याजवळच्या एका घरातली केस सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

मुलगा सात वर्षांचा. हुमण (माशाची आमटी)-भात आणि तळलेला बांगडा दिला की मान वर न करता जेवणार, पण बाजूला कोशिंबिरीची वाटी आली की तोंड वाकडं. आई नोकरीवाली, तिने बिचारीने लेट्यूस आणलं, ऑलिव्ह ऑइल आणलं, गाजराचे डोळे आणि काकडीचं तोंड करून झालं, शेवटी "चार फोडी खा मग मोबाईल" इथवर गाडी आली, आणि त्या चार फोडींना अर्धा-पाऊण तास, वर आजीचं "राहू दे गो, जेवताना पोराला रडवू नको" हे चालूच.

हे मोबाईलचं आमिष मला अजिबात आवडत नाही. मुलाला आपोआप कळतं की ज्याच्यासाठी बक्षीस द्यावं लागतं ती वस्तू वाईटच असणार.

मी त्यांना म्हटलं, रात्रीच्या जेवणाला कोण काय खातं ते सांगा. तेव्हा कळलं की बाबा कोशिंबिरीला हातच लावत नाहीत, आई खाते ती सगळ्यांचं झाल्यावर ओट्याजवळ उभी राहून, आणि वाटी पोराच्या पुढ्यात येते तोवर भाताने पोट भरलेलं. म्हणजे घरात सलाड खायची ड्युटी एकट्या त्या पोरावर!

पुढच्या वेळी घरची कोशिंबीर डब्यात घेऊन यायला सांगितली. पोराने बोटाने कोथिंबीर एका बाजूला केली, दह्यात भिजलेलं शेंगदाण्याचं कूट बोटाला लागलं ते पँटला पुसलं आणि म्हणाला, "हे चिकटतं." मग तिथेच एक सुकी काकडी चिरून दिली, आधी वास घेतला, मग कुरुम कुरुम खाल्ली. त्याला काकडी नको होती असं नाहीच, ओला गिचका नको होता. शिवाय म्हणाला की एकदा कडू लागलेली. पावसाळ्यात गावठी तवसं (मोठ्या काकड्या) येतात त्यात असं होतं, कडवटपणा जास्त करून देठाकडे आणि सालीखाली असतो, म्हणून देठाकडचा तुकडा कापून टाकायचा आणि पहिली फोड आपण चाखायची. एक कडू घास मुलांच्या फार लक्षात राहतो.

एलिन सॅटर म्हणून अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ आहेत, त्यांचं म्हणणं मी सगळ्यांना सांगते: काय वाढायचं, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती हे मुलाने. आजींना हे बिलकूल पटलं नाही, "म्हणजे आता हा ठरवणार?" पण त्याच आजी थोड्या वेळाने म्हणाल्या, "किसमूर खातो की हा, त्यात कांदा कच्चाच असतो." बघा! सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर, ओलं खोबरं, कच्चा कांदा, पोरगा कधीपासून खात होता आणि कुणी ते मोजतच नव्हतं. मग आजींनीच त्यात बारीक चिरलेला कोबी घालायला सुरुवात केली, त्याला सांगून हं, लपवून नाही, लपवलेलं सापडलं की पोरं पुढचे आठ दिवस प्रत्येक घास तपासतात.

दुसरं म्हणजे सलाडची वेळ बदलली. संध्याकाळी खेळून भुकेला येतो तेव्हा टेबलावर काकडी-गाजराच्या लांब पातळ फोडी, मीठ-लिंबू, आणि कुणी काही बोलायचं नाही, "खा" पण नाही आणि "शाब्बास" पण नाही. बाबांनीही त्यातलंच खायचं. बाबा कुरकुरले, "मला लहानपणापासून नाही आवडत," पण बसले. नवीन चव अंगवळणी पडायला दहा-पंधरा वेळाही समोर यावी लागते, आपण तिसऱ्या वेळीच हात टेकतो. (चार वर्षांखालच्या मुलांना कडक गाजर किसूनच द्या, घशात अडकतं.)

आईला प्रमाणाची फार काळजी. जागतिक आरोग्य संघटना सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना दिवसाला किमान ३५० ग्रॅम भाज्या आणि फळं सांगते, पण ती सगळी मिळून, शिजवलेली तांबडी भाजी, खतखतं (अनेक भाज्यांची एकत्र भाजी), केळं सगळं त्यात आलं, सगळा भार कच्च्या काकडीवर कशाला? हां, मूल मोजून चार-पाचच पदार्थ खात असेल किंवा वजन वाढत नसेल तर मात्र आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आता काकडी, गाजर, कोबीची किसमूर चालू आहे, दह्यातली कोशिंबीर अजून नाही. परवा आईचा फोन, "टोमॅटोचं काय करू?" म्हटलं सार करा आणि बांगड्याबरोबर वाढा.