चेहऱ्यात करंट लागल्यासारखी कळ येते आणि डोकं दुखतं, नसा कमजोर झाल्या असतील तर कोणतं टॉनिक चांगलं?

कोणतंच नाही. पुढं वाचायचं नसेल तर नका वाचू, पण हा प्रश्न आमच्या घरात चार वर्षं चालला होता आणि त्यात आईच्या दोन चांगल्या दाढा गेल्या, म्हणून लिहितोय.

2008 च्या दिवाळीत सुरू झालं. आई भाकरी खाता खाता एकदम थांबली, उजव्या गालापाशी हात नेला पण गालाला लावला नाही, आणि डोळ्यातून पाणी. पाच-दहा सेकंद, की परत काही नाही. मग तोंड धुताना, चूळ भरताना, एसटीत खिडकीचा वारा लागला तरी. आम्हाला वाटलं दाढ. तालुक्याच्या दातवाल्याला पण तसंच वाटलं, एक काढली, दुखणं तिथंच, महिन्यानं शेजारची काढली. हा आजार दातदुखीसारखाच वाटतो आणि बहुतेक लोक आधी दातवाल्याकडंच जातात हे मला नंतर कळलं, त्यामुळं त्याला आता फार शिव्या देत नाही. पण आईची ती बाजू बसली ती बसलीच.

मग आमचे आप्पा, म्हणजे थोरले चुलते. त्यांनी निदान केलं की नसा कमजोर झाल्यात, बाळंतपणात नीट खाल्लं नाही. (शेवटचं बाळंतपण म्हणजे मी, तेव्हा 26 वर्षांचा.) नसांच्या टॉनिकच्या दोन बाटल्या आणल्या, नारिंगी, गोड, लेबलवर डोकेदुखी, मज्जातंतूंची दुर्बलता, निद्रानाश, भूक न लागणे सगळंच. थोरल्या दिरासमोर आई काय बोलणार, घेतलं गपगुमान. आणि खरंच दुसरी बाटली संपायच्या आत कळा थांबल्या! चार महिने एकही नाही. आप्पांनी पाहुण्यारावळ्यांत सांगितलं, दोघातिघांना बाटल्या पण आणून दिल्या.

थंडी पडली तशा कळा परत आल्या, दुप्पट. परत टॉनिक, ह्यावेळी सहा बाटल्या, काही उपयोग नाही. आप्पा म्हणाले पथ्य मोडलं. मधल्या काळात कुणीतरी सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबी खायला सांगितलं, ते अर्धशिशीचं, पण तेही केलं. आईनं बोलणं कमी केलं होतं कारण ओठ हलले की कळ. भाकरी ताकात कुस्करून, तीही डाव्या बाजूनं.

शेवटी 2012 ला मी कुणाला न विचारता तिला मिरजेला नेलं. तिथल्या मेंदूच्या डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, कळ कुठून कुठं जाते ते बोटानं दाखवा. तिनं गालापासून दोन इंचावरून, हात न लावता दाखवलं. ते म्हणाले कळलं. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं. एमआरआय नंतर केला, पण गोळी त्याच दिवशी, कार्बामाझेपिन. तिसऱ्या दिवशी आईनं गार पाण्यानं तोंड धुतलं.

आता टॉनिकचं. मी मोटार रिवाइंडिंग करतो म्हणून मला हे लगेच पटलं. चेहऱ्याची नस मेंदूतून जिथं निघते तिथं बहुतेकांच्यात शेजारची रक्तवाहिनी तिच्यावर दाबते आणि वरचं आवरण झिजतं, मग हलका स्पर्श पण शॉर्ट होऊन कळ म्हणून जातो. म्हणजे नस कमजोर नाही, उलट नको तेवढी पेटलेली आहे. वार्निश गेलेल्या वाइंडिंगला तुम्ही ताकदीचं औषध पाजता का? आणि ते चार महिने? हा आजार मध्येच आपोआप महिनोन्‌महिने थांबतो. तेव्हा जे चालू असेल त्याला श्रेय. अंगारा चालू असता तर अंगाऱ्याला मिळालं असतं.

आप्पांचं म्हणणं, ही फिटची गोळी आहे, डोकं बधिर करते, आयुर्वेद सोडून हे कशाला. फिटचीच आहे, ती पेटलेली नस शांत करते म्हणून तर चालते. आणि आयुर्वेदाचं म्हणाल तर सुश्रुतानंच डोक्याचे 11 रोग वेगवेगळे सांगितलेत, त्यातल्या अनंतवाताशी वैद्य लोक ह्या दुखण्याची सांगड घालतात. सगळ्याला एकच बाटली हे सुश्रुताचं नाही, लेबलवाल्याचं. कोका-कोला पण 1886 ला अटलांटात पेम्बर्टन नावाच्या औषधवाल्यानं असंच काढलं होतं, डोकेदुखी, न्यूराल्जिया, उदासी सगळ्यावर, 5 सेंटला ग्लास. मी आप्पांना म्हटलं मग आईला थम्सअपच द्या की. तेव्हापासून दीड वर्ष बोलले नाहीत.

एक मात्र सांगायला पाहिजे, गोळी काही अमृत नाही. पहिला आठवडा आई भिंत धरून चालायची, आणि दोन वर्षांनी रक्तातलं सोडियम इतकं उतरलं की ॲडमिट करावं लागलं. (आप्पा भेटायला आले ते हसत आले.) मग डोस कमी केला. अंगावर पुरळ उठलं तर त्याच दिवशी डॉक्टरला गाठायचं, ते जिवावर बेतू शकतं. त्यामुळं माझं वाचून मेडिकलमधून आणू नका. गोळीनं भागलं नाही तर ऑपरेशन पण असतं, आमच्यावर ती वेळ आली नाही.

तुमचं डोकं दुखतं ते वेगळं असू शकतं, त्याचं मला नाही सांगता येणार. फक्त महिन्यातले दहा-पंधरा दिवस दुखण्याची गोळी खात असाल तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं हे बघा. हातापायाला मुंग्या येत असतील आणि शाकाहारी असाल तर बी-12 तपासा, कमी निघालं तर ते टॉनिक खरं टॉनिक. चाळिशीच्या आत असाल, किंवा चेहरा बधिर वाटतोय, दोन्ही बाजूंना कळ येते असं असेल तर एमआरआय टाळू नका.

आणि न्यूरॉलॉजिस्टला, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय कुणाला दाढ काढू देऊ नका.