दार उघडलं की आवाज थांबतो, मग कॉम्प्रेसर कशाला बदलायचा?

तुमचा प्रश्न वाचला आणि जेवण बाजूला ठेवून लिहायला बसलो. 14 वर्षांचा डबल डोअर फ्रॉस्ट फ्री फ्रीज, रात्री घर्रर्र आवाज, दार उघडलं की आवाज बंद, वर बर्फ होतोय पण खालच्या कप्प्यात दूध नासतंय, आणि सर्व्हिस सेंटरचा माणूस पाच मिनिटांत ‘कॉम्प्रेसर गेलाय, गॅसपण भरावा लागेल’ असं सांगून मोठा आकडा लिहून गेला. नेमक्या याच लक्षणांवर आमच्याकडे कॉम्प्रेसर बदलला गेला होता. आवाज होता तसाच राहिला. म्हणून आधी एकच सांगतो: त्या माणसाला होकार कळवू नका. निदान चार दिवस तरी.

फ्रीज भिंतीला टेकलाय का, पाय समतल आहेत का, वर ठेवलेला स्टॅबिलायझर थरथरतोय का, हे तुम्ही पाहिलं असणारच. त्यात जात नाही.

तुमच्या वर्णनातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे दार उघडलं की आवाज थांबतो. कॉम्प्रेसरला दाराशी काही देणंघेणं नसतं, दार उघडं असो की बंद, तो चालूच राहतो. दार उघडल्यावर थांबतो तो फ्रीझरच्या मागच्या पॅनलआडचा छोटा पंखा. चौकटीतल्या ज्या बटणाने दिवा लागतो, बहुतेक मॉडेलांत तेच किंवा त्याच्या शेजारचं बटण पंखा बंद करतं. खात्री करायची तर आवाज चालू असताना दार उघडा, आवाज थांबला की ते बटण बोटाने दाबून धरा. पंखा सुरू होऊन घर्रर्र परत आलं तर तुमचं निदान तिथेच झालं. कान फ्रीझरजवळ न्या, आवाज वरून येतोय हे कळेलच. कॉम्प्रेसर खाली, मागच्या बाजूला असतो.

थर्मोस्टॅटचं बटण शून्यावर नेऊन तपासू नका. जुन्या मॉडेलांत पंखा आणि कॉम्प्रेसर एकाच वेळी बंद होतात, आणि मग ‘बघा, कॉम्प्रेसरबरोबर आवाज गेला’ म्हणून मेकॅनिक तुम्हाला गप्प करतो. आमच्याकडे हेच झालं.

पंखा आवाज का करतो? क्वचित मोटरचं बुश झिजलेलं असतं, मग बारीक शिट्टीसारखा किंवा किरकिर आवाज येतो. पण खाली गार होत नसेल तर बहुधा मागच्या कॉइलवर (गारवा देणाऱ्या नळ्यांवर) बर्फ साचून तो पंख्याच्या पात्यांपर्यंत आलेला असतो. पाती बर्फाला घासतात, तो घर्रर्र. आणि त्याच बर्फामुळे खालच्या कप्प्यात जाणारी हवेची वाट बुजते. वर बर्फ, खाली कोमट, ही दोन्ही लक्षणं एकाच दुखण्याची आहेत. गॅस कमी झाला असता तर सहसा वरचंही गारपण कमी होत गेलं असतं.

आता करायचं काय. सगळं सामान शेजाऱ्यांकडे किंवा थर्माकोलच्या खोक्यात हलवा, प्लग काढा (नुसतं बटण बंद करू नका), दोन्ही दारं सताड उघडी ठेवा आणि पूर्ण 24 तास तसंच राहू द्या. चार तासांत समोरचा बर्फ वितळतो, पॅनलमागचा वितळत नाही, आणि लोक तिथेच घाई करतात. खाली जुने टॉवेल घाला. सुरी, स्क्रू ड्रायव्हर, उलथणं काहीही घालून बर्फ उकरू नका. आतली नळी ॲल्युमिनियमची असते, एक भोक पडलं की खरोखरच गॅसचा खर्च उभा राहतो. पॅनलखालच्या निचऱ्याच्या भोकात शेवटी कोमट पाणी थोडं थोडं ओता, ते मागच्या ट्रेमध्ये उतरतंय का पाहा. उतरत नसेल तर ती नळी तुंबली आहे आणि बर्फ पुन्हा होणार.

फ्रीज परत सुरू केल्यावर आवाज गेला आणि खाली गार होऊ लागलं, की कॉम्प्रेसर ठणठणीत आहे हे सिद्ध झालं. पण काही दिवसांनी घर्रर्र परत आलं तर डीफ्रॉस्टची, म्हणजे कॉइलवरचा बर्फ आपोआप वितळवणारी, यंत्रणा काम करत नाहीये. तुमच्या वयाच्या फ्रीजमध्ये बहुधा टायमर, हीटर, बायमेटल (तापमानावर चालू-बंद होणारा स्विच) आणि थर्मल फ्यूज (फार तापलं तर तुटणारा) अशी साखळी असते. टायमर साधारण 8 ते 12 तास कॉम्प्रेसर चालल्यावर त्याला थांबवून हीटर लावतो, कॉइलवरचा बर्फ वितळतो, पुरेसं तापलं की बायमेटल हीटर तोडतो. यातलं काहीही एक बिघडलं की बर्फ साचत जातो. दाराचं रबर सैल असेल तरी ओली हवा आत जाऊन हेच होतं, पावसाळ्यात जास्त. दारात एखादी नोट अडकवून ओढून पाहा, चारही बाजूंनी. सहज निसटली तर रबर गेलंय.

मल्टिमीटर वापरता येत असेल तरच पुढचं वाचा. फ्यूज नेहमी जुळलेला (वीज आरपार जाऊ देणारा) दिसायला हवा. हीटर 150 ते 200 वॅटचा असेल तर साधारण 260 ते 350 ओहम दाखवेल. बायमेटल मात्र खोलीच्या तापमानाला उघडाच असतो, तो थंडीत जुळतो. पुष्कळ जण टेबलावर तपासून चांगला बायमेटल फेकून देतात. तो फ्रीझरमध्ये बर्फात ठेवून गार करा, मग मोजा. हे भाग स्वस्त असतात, काही शे रुपयांचं काम. विजेच्या सामानाच्या बाजारात (पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास) चौकशी करा, जुना भाग हातात घेऊन जा, मॉडेलचा नंबर फोटो काढून ठेवा.

आता आमच्याकडे काय झालं ते सांगतो, कारण तुमच्या दारात तेच उभं आहे.

कंपनीचंच अधिकृत सेंटर होतं, नाव लिहीत नाही. आलेल्या मुलाने मागून कॉम्प्रेसरवर हात ठेवला, ‘खूप गरम आहे’ म्हणाला, झालं निदान. चालू कॉम्प्रेसर गरम असतोच, हात ठेवून फार वेळ राहवत नाही इतका. फ्रीझरचं दार त्याने उघडलंसुद्धा नाही. पुढच्या खेपेला दोघं नवा कॉम्प्रेसर घेऊन आले, स्वयंपाकघरातच पाइप कापले, आणि पाइप तसेच उघडे ठेवून जेवायला गेले. आमच्या फ्रीजमध्ये आर-134ए होता. त्या गॅसबरोबर कॉम्प्रेसरमध्ये जे तेल असतं ते हवेतला ओलावा झपाट्याने शोषतं. परत आल्यावर फिल्टर ड्रायर (गॅसच्या लाइनमधला ओलावा शोषणारा भाग) जुनाच ठेवला. लाइनमधली हवा खेचून काढणारा व्हॅक्यूम पंप आणलाच नव्हता, थोडा गॅस सोडून ‘हवा काढली’ म्हणाले. जुना कॉम्प्रेसर ‘कंपनीत जमा करावा लागतो’ सांगून घेऊन गेले. बिलावर त्याचा एका अक्षराने उल्लेख नाही. तो चांगला चालणारा कॉम्प्रेसर होता, आत तांब्याचं वायंडिंग असलेला, भंगारातही पैसे आले असते.

त्याच रात्री घर्रर्र सुरू झालं. आणि पावसाळ्यात नवंच दुखणं लागलं: फ्रीज चांगला चालायचा, मध्येच गार होणं बंद, काही तास बंद ठेवला की परत गार, पुन्हा बंद. आत शिरलेला ओलावा कॅपिलरीच्या (गॅसच्या अगदी बारीक नळीच्या) टोकाशी गोठून नळी चोक करतो, बंद ठेवल्यावर तो वितळतो, म्हणून ही आवर्तनं. सेंटरला फोन केला तर उत्तर आलं की कॉम्प्रेसरला वॉरंटी आहे, चोक त्यात बसत नाही, गॅस आणि मजुरी वेगळी द्यावी लागेल. त्यांनीच केलेल्या कामाचे त्यांनाच पुन्हा पैसे! तक्रार नोंदवली की दुसऱ्या दिवशी ‘तुमची समस्या सुटली आहे’ असा मेसेज यायचा आणि तक्रार बंद. माणूस आलेलाच नसायचा. घरात आईची इन्सुलिन फ्रीजमध्ये होती, शेजारी ठेवायला द्यावी लागली. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

शेवटी आमच्या भागातल्या एका वयस्क मेकॅनिकने फ्रीझरचं मागचं पॅनल उघडलं. आत बर्फाची लादी. बायमेटल मेलेला. तो बदलला, घर्रर्र कायमचं गेलं. मग ड्रायर नवा टाकून, बराच वेळ व्हॅक्यूम मारून गॅस भरला, आणि चोकही गेला. मूळ दुखणं काही शे रुपयांचं, सेंटरने लावलेलं दुखणं हजारोंचं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, कुणाला टोकाचं वाटलं तरी चालेल: आवाजाची तक्रार असताना जो माणूस फ्रीझरचं पॅनल उघडल्याशिवाय गॅसचं नाव काढतो, त्याला चहा पाजून परत पाठवा. गॅस ‘संपत’ नाही. लाइन सीलबंद असते. कमी झाला असेल तर गळती आहे, आणि गळती कुठे आहे हे दाखवल्याशिवाय भरलेला गॅस पुन्हा जाणारच.

लाइन कापायची वेळ खरंच आली, तर ड्रायर नवा हवा, व्हॅक्यूम पंप घरी आलेला दिसला पाहिजे आणि किमान अर्धा तास चालला पाहिजे, जुना भाग तुमच्याकडे राहिला पाहिजे, आणि बिलावर कॉम्प्रेसर, गॅस, मजुरी यांची वॉरंटी वेगवेगळी लिहिलेली हवी. फ्रीज गार झालेला पाहिल्याशिवाय काम झाल्याचा ओटीपी देऊ नका, ओटीपी दिला की तक्रार बंद होते. कॉम्प्रेसरवरच्या स्टिकरवर आर-600ए लिहिलं असेल तर जास्तच जपा. तो आयसोब्युटेन आहे, पेट घेतो. त्या लाइनवर स्वयंपाकघरात, गॅसच्या शेगडीजवळ ब्लो लॅम्प पेटवू देऊ नका.

कॉम्प्रेसर कधीच जात नाही असं मी म्हणत नाही. पण त्याची लक्षणं वेगळी असतात. ‘हूं’ असा आवाज काही सेकंद, मग टिक, काही मिनिटांनी परत तेच, आणि गार काहीच नाही: हा कॉम्प्रेसर सुरूच होत नाहीये. तिथेही आधी व्होल्टेज पाहा, मग रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा छोटा भाग) आणि ओव्हरलोड (जास्त तापला की कॉम्प्रेसर तोडणारा). प्लग काढून रिले सोडवा आणि कानाशी हलवा. आत काही खुळखुळलं तर रिले फुटलाय, तो बदलायला फार खर्च येत नाही. सुरू होताना आणि बंद होताना खाली ‘धाड’ असा ठोका बसत असेल तर मात्र कॉम्प्रेसरखालच्या रबरी बुशांवर संशय घ्या. ती नवी घालूनही ठोका राहिला तर आतल्या स्प्रिंगा गेल्या असाव्यात, आणि ते घरी दुरुस्त होत नाही. 14 वर्षांच्या फ्रीजला नवा कॉम्प्रेसर घालावा का? मी तरी घालणार नाही, ते पैसे नव्या फ्रीजमध्ये घालीन. पण तुमची लक्षणं ही नाहीत.

आणखी एक, विषय थोडा वेगळा आहे. प्लॅस्टिकचं चाकांचं स्टँड असेल तर ते काढून फ्रीज थेट फरशीवर ठेवून पाहा. निम्मी थरथर ते स्टँडच वाढवतं. आणि मागे कॉम्प्रेसरवरचा पाण्याचा ट्रे तपासा. तो सैल झाला की खडखडतो, शिवाय त्यातल्या साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. महापालिकेची माणसं घरोघरी येऊन तो ट्रे उगाच तपासत नाहीत. आठवड्याला एकदा रिकामा करा, क्लिपा घट्ट बसवा.

मी मेकॅनिक नाही, माझं सगळं ज्ञान आमच्या फ्रीजवर आणि त्या वयस्क मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून मिळवलेलं आहे. तुमचं मॉडेल इलेक्ट्रॉनिक बोर्डाचं असेल तर टायमरबद्दलचं लागू होणार नाही. विजेच्या कामाचा सराव नसेल तर बर्फ वितळवण्यापुढे जाऊ नका, पॅनल उघडायला माहितीतला माणूस बोलवा आणि तो काम करताना तिथेच उभे राहा.

सेंटरने आधीच आगाऊ पैसे घेतले असतील तर लेखी रद्द करा, नुसत्या फोनवर नको. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवा. कोटेशनचा कागद आणि त्यांचे मेसेज जपून ठेवा.

बर्फ वितळवायला शनिवारी सकाळी घ्या, रविवारी सकाळी प्लग लावा. त्यानंतर आवाज गेला की राहिला, आणि बटण दाबून धरल्यावर काय झालं, तेवढं कळवा. पुढचं त्यावरून सांगतो.