‘चूक माझीच असंल, ताई’

“ताई, आमच्या सायकलला ना विमा, ना लायसन. आमाला कोन भरपाई देनार? आनि चूक यांचीच निघाली तर उलट आमच्याच अंगावर यायचं.”

इचलकरंजीतल्या एका यंत्रमाग कामगाराच्या बायकोने पहिल्याच भेटीत हे विचारलं. अपघाताला चार महिने उलटून गेले होते. सायकलवर जाताना गाडीने उडवलेला माणूस आणि त्याच्या घरचे, दोघांच्याही मनात बहुतेक वेळा हीच भीती असते. म्हणून ही गोष्ट लिहायची ठरवली. दोघांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना इथे तात्या आणि वहिनी म्हणते. मी समुपदेशक आहे, वकील नाही. पण अपघातात सापडलेल्या माणसांशी बोलायचं तर दवाखाना, पोलीस ठाणं आणि कोर्ट यांची वाट मलाही शिकावीच लागली.

तात्यांचं वय तेव्हा सत्तेचाळीस. चार माग सांभाळायचे, रात्रपाळी. २०२३ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळी पाळी सुटली, सायकलवरून घरी निघाले आणि मागून आलेल्या कारने धडक दिली. उजव्या घोट्याचा चुरा, डोक्याला मार. प्लेट बसवली, अकरा दिवस दवाखान्यात. दागिने मोडले, भिशी आधी उचलली, मेहुण्याकडून उसने घेतले.

माझ्याकडे आले ते वॉकर घेऊन. खुर्चीत बसल्यावर पहिलं वाक्य बोलले ते असं: “चूक माझीच असंल, ताई. रात्रभर उभा होतो, डोळा लागला असंल.”

मी विचारलं, “तुम्हाला डोळा लागल्याचं आठवतं?”

“न्हाई. चहा घेतला एवढं आठवतं. मग एकदम दवाखान्यातला पंखा.”

डोक्याला मार लागला की अपघाताच्या आधीचे आणि नंतरचे क्षण स्मरणातून जाऊ शकतात. ती मोकळी जागा माणसाला सहन होत नाही. तो ती कशाने तरी भरतो, आणि कष्टकरी माणूस ती बहुधा स्वतःच्या चुकीने भरतो. भेटायला येणारेही तेच म्हणतात, “जरा बघून चालवायची.” चार महिन्यांत तात्यांच्या डोक्यात एक अख्खा प्रसंग तयार झाला होता. त्यात ते पेंगत रस्त्याच्या मधोमध गेले होते. झोपेत दचकून उठायचे, हॉर्न ऐकला की हात थरथरायचे. घरात कुणी पैशाचा विषय काढला की भिंतीकडे तोंड करून पडायचे.

मी त्यांना एवढंच म्हटलं की जे आठवत नाही ते “आठवत नाही” असंच सांगा. ते पूर्ण आणि खरं उत्तर आहे. पोलिसांच्या जबाबात “माझं लक्ष नसेल” असा अंदाज घातला, तर तो पुढे तुमच्याच तोंडचा पुरावा होऊन उभा राहतो. सुदैवाने त्यांचा जबाब झाला तेव्हा ते अर्धवट शुद्धीत होते, त्यामुळे त्यात असलं काही आलं नव्हतं.

मग वहिनींनी कॅरीबॅग टेबलावर उलटी केली. डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या पावत्यांचा गठ्ठा, एक्स-रेचा मोठा पिवळा लिफाफा. आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, घडी घातलेला एक स्टॅम्पपेपर. पिठाचा हात लागला होता त्याला. गाडी चालवणाऱ्या मुलाचे काका दवाखान्यात येऊन दहा हजार देऊन गेले होते. आठवड्याने हा कागद घेऊन घरी आले. वर दोन ओळी टाइप केलेल्या, की आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही, यापुढे काही मागणार नाही. खाली सहीची जागा रिकामी. “यांनी सही करायला पेन घेतला होता,” वहिनी म्हणाल्या, “मी म्हटलं, भाऊ आल्यावर बघू. आनि पिठाच्या डब्याखाली ठेवून दिला.”

काही कळत नसतानाही त्या बाईंनी तो कागद थांबवून धरला. पुढचं सगळं त्यामुळे सोपं झालं.

तात्यांचा दुसरा अडसर वेगळा होता. तो मुलगा कॉलेजात शिकत होता. “त्याचं वाटोळं करून मला पैसं नकोत.” हा चांगुलपणा खरा होता आणि त्यामागची समजूत चुकीची होती. पोलिसांनी नोंदवलेला गुन्हा ही एक गोष्ट, भरपाईचा दावा ही दुसरी. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो आणि तिथे कुणाला तुरुंगात पाठवत नाहीत. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला त्रयस्थ व्यक्तीचा विमा सक्तीचा आहे. त्रयस्थ म्हणजे कोण? पायी चालणारा, सायकलवाला, रस्त्यावरचा कुणीही. म्हणजे तुमच्यासाठी विम्याचा हप्ता त्या गाडीमालकाने आधीच भरलेला असतो. सायकलला विमा किंवा लायसन लागतच नाही, मग त्यावाचून तुमचा हक्क कसा जाईल? गाडी चालवणाऱ्याकडे लायसन नसेल, तरी अनेक प्रकरणांत न्यायालयं विमा कंपनीला सांगतात की जखमीला आधी पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा.

हे मी दोनदा समजावलं. तात्या बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हंजी त्या पोराच्या खिशातनं जात न्हाई?”

“गाडीचा विमा चालू आहे. विमा कंपनी देईल.”

त्यानंतरच ते तालुका विधी सेवा समितीत यायला तयार झाले. ही समिती कोर्टाच्या आवारातच असते आणि मोफत वकील देते. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता ही मदत मिळते. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. फोनवर विचारायचं तर १५१०० हा राष्ट्रीय क्रमांक आहे. हे सांगते कारण दवाखान्याच्या दारातच तात्यांना एक एजंट भेटला होता. “सगळं आम्ही बघतो, मिळतील त्यातले तीस टक्के.” मिळणाऱ्या रकमेच्या टक्केवारीवर फी ठरवायला बार कौन्सिलचे नियम वकिलाला मनाई करतात. एजंटाला तर कोणतेच नियम नाहीत. अशा माणसाच्या हातात मूळ कागद देऊ नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

वेळेची गोष्ट आता नीट सांगते, कारण इथेच लोक बुडतात. १ एप्रिल २०२२ पासून दावा अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत दाखल करायची मुदत लागू झाली. या मुदतीला आव्हान दिलं गेलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की केवळ उशीर झाला म्हणून दावे फेटाळू नयेत. पण त्यावर विसंबून बसू नका. दुसरीकडे पोलिसांवरही बंधन आहे. पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला गेला पाहिजे. तात्यांच्या बाबतीत तो गेला नव्हता. समितीने दिलेल्या वकीलबाईंनी लेखी अर्ज देऊन पाठपुरावा केला आणि वाट न बघता दावा वेगळा दाखल केला. पाचव्या महिन्यात.

त्या धावपळीत स्थळ पंचनाम्याची नक्कल हातात आली. मी ती तात्यांना वाचून दाखवली. मुद्दाम सावकाश. रस्त्याची रुंदी, काचांचे तुकडे कुठे पडले, सायकल कुठे पडली, सोबत हाताने काढलेला नकाशा. सायकल डांबराच्या डाव्या कडेला, जवळजवळ मातीत होती. धडक मागच्या चाकाला. चहागाडीवाल्याचा जबाबही होता. त्याने गाडीचा नंबर हातावर लिहून घेतला होता आणि सांगितलं होतं की सायकल कडेनेच चालली होती.

तात्यांनी मला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. “कडेनंच?” म्हणाले. मग डोळ्यांना टॉवेल लावून रडले. चार महिने हा माणूस न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा भोगत होता. त्या दिवसानंतर झोप पूर्ण सुधारली असं नाही. मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि त्या पावत्याही फाइलला लावायला सांगितल्या, कारण मनावरच्या आघाताचे उपचारसुद्धा अपघातानेच ओढवलेला खर्च आहेत. पण भिंतीकडे तोंड करून पडणं मात्र थांबलं.

सायकल घरामागे पडून होती, मागच्या चाकाचा आठ झालेला. भंगारवाला दोनदा विचारून गेला होता. आम्ही तिचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून घेतले. मागून धडक बसल्याचं ते चाकच सांगत होतं.

विमा कंपनीच्या वकिलांनी उलटतपासात जे विचारलं ते मला अजून बोचतं. “तुम्हाला कमी ऐकू येतं ना?” येतं. पंचवीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभं राहिलेल्या माणसाला कमीच ऐकू येणार. रोख असा, की हॉर्न ऐकला नाही म्हणजे चूक सायकलवाल्याची. तात्यांनी शांतपणे सांगितलं, “मी कडेला होतो साहेब. मागनं येनाऱ्यानं बगायचं.” यालाच कायद्यात सहभागी निष्काळजीपणाचा मुद्दा म्हणतात. समजा तुमची थोडी चूक ठरलीच, २० टक्के धरा, तर भरपाईतून तेवढा वाटा कापला जातो. दावा बुडत नाही. शिवाय कुणाचीही चूक सिद्ध न करता मागता येणारी ठरावीक रक्कमही कायद्यात आहे: गंभीर दुखापतीला अडीच लाख, मृत्यू झाल्यास पाच लाख. ती स्वीकारली तर मोठा दावा सोडावा लागतो, म्हणून वकिलाला विचारूनच ठरवा. गाडी पळून गेली आणि नंबरच मिळाला नाही, तर त्यासाठी वेगळी योजना आहे. तिच्यात गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला २ लाख मिळतात, आणि अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा असतो.

खरा झगडा झाला तो टक्क्यांवर. सरकारी दवाखान्याच्या दाखल्यात कायमचं अपंगत्व १८ टक्के आलं. तात्यांना महिन्याला चौदा हजारांच्या आसपास मिळायचे. पगारपत्रक नाही. मालकाच्या वहीत दर आठवड्याची नोंद होती, तिचे फोटो मिळाले, आणि सोबतच्या एका कामगाराने साक्ष दिली. वकीलबाईंनी कागदावर हिशेब मांडला. ४६ ते ५० वयाला सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ठरवून दिलेला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्या आकड्याने गुणायचं तो, १३ आहे. चौदा हजार गुणिले बारा, गुणिले तेरा, त्याचे १८ टक्के म्हणजे ३,९३,१२०.

“पण,” त्या म्हणाल्या, “हा घोटा कारकुनाचा नाही.”

माग चालवणारा बारा तास चार मागांमध्ये फिरतो. सुताची तार तुटली की धावतो, वाकतो, उभा राहतो. त्याचा घोटा गेला की त्याचं काम गेलं. २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं आहे, की डॉक्टरांनी दिलेला अवयवाचा टक्का आणि कमावण्याची गेलेली ताकद एकच नसते; माणूस काय काम करत होता ते पाहा. ताकद ४० टक्के गेली असं धरलं तर तीच बेरीज ८,७३,६०० होते. भविष्यातल्या वाढीची भर, दवाखाना, पुढचं प्लेट काढायचं ऑपरेशन, प्रवास, सांभाळायला लागलेलं माणूस, वेदना, हे सगळं आणखी वेगळं. म्हणून वकिलाला फक्त दाखला देऊ नका. तुमच्या कामाचा एक दिवस सांगा, उठल्यापासून झोपेपर्यंत. तात्यांचा तो दिवस मी दोन बैठकांत लिहून घेतला होता आणि त्याचा उपयोग झाला.

२०२५ मध्ये लोकअदालतीत तडजोड झाली. रक्कम मागणीइतकी नव्हती, पण १८ टक्क्यांच्या हिशेबापेक्षा बरीच जास्त होती. काकांनी दिलेले दहा हजार दाव्यात पहिल्यापासून नोंदवले होते, ते वजा झाले. काही पैसे मुदत ठेवीत, बाकी थेट खात्यात. मेहुण्याचे उसने त्याच आठवड्यात फिटले.

आज असा अपघात झाला असता तर दवाखान्याचा पहिला भार तरी हलका झाला असता. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार पैसे न भरता मिळतात. सायकलवाल्यालाही. दाखल करतानाच विचारा. आणि अपघाताची पोलीस केस म्हणून नोंद झाली आहे ना, तेही तिथेच पाहून घ्या.

तात्या आता त्याच कारखान्यात कापडाच्या घडीवर बसून काम करतात. पगार जवळजवळ अर्धा. सायकल अजून चालवत नाहीत, मुलगा गाडीवरून सोडतो. मागच्या भेटीत मी विचारलं, हॉर्न वाजला की अजून हात थरथरतात का? म्हणाले, “थरथरत्यात कवाकवा. पन आता मी सोताला शिव्या देत न्हाई.”